पायरीपाशी अडलेलं आरोग्य

लग्न दुपारी साडेबाराचं, कार्यालय तासाभराच्या अंतरावर. घरातली मंडळी चहा-पोहे उरकून निघण्याच्या गडबडीत असतात, तेव्हा व्हीलचेअर वापरणारी व्यक्ती समोरचा चहा नको म्हणते. पाणी तर तिनं आदल्या संध्याकाळपासूनच कमी केलेलं असतं. कार्यालयात स्वच्छतागृह असतंच, पण ते जिन्याखाली, दोन पायऱ्या उतरून, जेमतेम दोन फुटांच्या दाराआड आणि आत भारतीय पद्धतीचं भांडं. त्यापेक्षा दिवसभर तहान सोसलेली बरी, हा अनुभवातून आलेला हिशेब असतो.

असा हिशेब करणारे पुढे कधीतरी थंडी वाजून ताप आला म्हणून दवाखान्यात जातात. तिथं नोंद होते ‘मूत्रमार्गाचा संसर्ग’, काहींच्या बाबतीत ‘मूतखडा’. औषधं मिळतात, ताप उतरतो. पण जिन्याखालच्या त्या दोन पायऱ्यांची नोंद केसपेपरवर कुठेच होत नाही.

अपंगत्वाचा विचार करताना आपल्याकडे एकतर आजाराचा विचार होतो, नाहीतर दयेचा. या दोहोंच्या मध्ये पायऱ्या, दारं, उतार आणि रोजची मदत यांची एक मोठी जागा आहे आणि तिचा आरोग्याशी संबंध अगदी थेट आहे. मज्जारज्जूला इजा झालेल्यांच्या बाबतीत तो सर्वांत स्पष्ट दिसतो.

मज्जारज्जूला इजा झालेले दीड कोटींहून अधिक लोक जगभरात आहेत, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. भारतात रस्त्यावरचे अपघात आणि उंचावरून पडणं ही त्याची दोन मोठी कारणं. उंचावरून म्हणजे बांधकामाच्या परातीवरून, घराच्या गच्चीवरून, नारळाच्या किंवा आंब्याच्या झाडावरून. बहुतेक जण ऐन कमावत्या वयातले असतात. पाय चालत नाहीत, हे सगळ्यांना दिसतं. न दिसणारी गोष्ट अशी की, मूत्राशय भरल्याचा निरोप मेंदूपर्यंत जात नाही आणि ते रिकामं करण्याचा हुकूम मेंदूकडून खाली येत नाही. साठलेली लघवी तशीच राहिली, तर जंतू वाढतात. मूत्राशयात दाब वाढत गेला, तर लघवी उलट मूत्रपिंडांकडे ढकलली जाते आणि मूत्रपिंडं हळूहळू निकामी होऊ लागतात. इजा छातीच्या वरच्या भागात किंवा मानेत असेल, तर नुसत्या तुडुंब भरलेल्या मूत्राशयामुळेही रक्तदाब एकदम धोक्याच्या पातळीवर जाऊ शकतो. डोकं ठणकतं, चेहरा लाल होतो, कपाळावर घाम फुटतो. अशा वेळी रुग्णाला आडवं न करता बसतं ठेवायचं आणि आधी मूत्राशय रिकामं करायचं, ही गोष्ट घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असायला हवी. तरीही रक्तदाब उतरला नाही, तर वेळ न घालवता रुग्णालय गाठावं लागतं.

यावरचा उपाय साधा आहे. दर चार ते सहा तासांनी एक पातळ नळी स्वतःच आत घालून मूत्राशय रिकामं करायचं आणि नळी काढून टाकायची. पूर्वी हे काम निर्जंतुक हातमोजे घालून रुग्णालयातच करावं लागे. १९७२ मध्ये अमेरिकेतील मिशिगनचे मूत्ररोगतज्ज्ञ जॅक लॅपिडीज यांनी वेगळंच काही मांडलं. नळी निर्जंतुक नसली, नुसती स्वच्छ असली तरी चालेल. महत्त्वाचं आहे ते मूत्राशय ठरलेल्या वेळी रिकामं होणं. सुरुवातीला अनेकांना हे पटलं नाही. आज ही जगभर रुळलेली पद्धत आहे. तिनं असंख्य लोकांची मूत्रपिंडं वाचवली.

हा उपचार घराबाहेरही व्हायचा, तर साबण आणि पाणी हवं, व्हीलचेअर आत जाईल एवढं दार हवं, ते आतून लावता यायला हवं. म्हणजे ऑफिसात, कॉलेजात, एसटी स्थानकात स्वच्छतागृह नसेल, तर उपचारच बंद पडतो. मग लोक पाणी तोडतात. लघवी घट्ट होते, खडे धरतात, संसर्ग पुन्हा पुन्हा होतो. स्त्रियांच्या बाबतीत हे आणखी अवघड. आडोसा पाहून वेळ भागवण्याची सोय त्यांना नसते.

अशा रुग्णांनी जगावं कसं, हे जगाला शिकवणारा माणूस म्हणजे डॉ. लुडविग गुटमन. नाझी जर्मनीतून जीव वाचवून १९३९ मध्ये इंग्लंडला आलेले ज्यू मेंदू-मज्जातज्ज्ञ. १९४४ मध्ये त्यांच्याकडे स्टोक मँडव्हिल रुग्णालयातला मज्जारज्जू विभाग सोपवण्यात आला. तोवर कमरेखाली लुळे पडलेले बहुतेक सैनिक काही महिन्यांत, फार तर दोन-तीन वर्षांत दगावत. मरण्याचं कारण मज्जारज्जूची इजा नसे. पाठीवरच्या जखमा आणि मूत्रमार्गाचा संसर्ग हे असे. गुटमन यांनी रुग्णांना दिवसरात्र दर दोन तासांनी कुशीवर वळवण्याचा नियम घातला आणि तो पाळला जातो की नाही, हे पाहायला ते स्वतः रात्री-अपरात्री वॉर्डात येत. नंतर त्यांनी रुग्णांना खेळायला लावलं. २९ जुलै १९४८ रोजी, लंडन ऑलिंपिकचं उद्घाटन होत होतं त्याच दिवशी, रुग्णालयाच्या हिरवळीवर १६ जखमी माजी सैनिकांची तिरंदाजीची स्पर्धा झाली. आजच्या पॅरालिम्पिकचं मूळ ते.

या साखळीचा एक दुवा महाराष्ट्रात आहे. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर हे सैन्यातले मुष्टियोद्धे. १९६५च्या युद्धात गोळ्या लागून त्यांचं कमरेखालचं शरीर लुळं पडलं. उपचारांचा भाग म्हणून सुरू झालेलं पोहणं त्यांना १९७२ मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्गला घेऊन गेलं. तिथं ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये त्यांनी पॅरालिम्पिकमधलं भारताचं पहिलं सुवर्णपदक जिंकलं. मज्जारज्जूची इजा झालेल्या सैनिकांसाठी पुण्याजवळ खडकीत १९७४ पासून पुनर्वसन केंद्र चालतं. तिथं उतार आहेत, रुंद दारं आहेत, सोबतीला अनुभवी माणसं आहेत. सैन्याबाहेरच्या माणसाला मात्र रुग्णालयातून घरी पाठवताना हातात औषधांची चिठ्ठी मिळते. घराला पायऱ्या किती, हे क्वचितच कुणी विचारतं.

आता पायऱ्यांचा हिशेब. व्हीलचेअरच्या उतारासाठी जगभर मान्य असलेलं प्रमाण १ : १२ आहे. एक इंच चढायचं, तर बारा इंच लांबी. सहा इंचांच्या एका पायरीला सहा फुटांचा उतार लागतो. अशा तीन पायऱ्यांना, म्हणजे दीड फूट उंचीला, अठरा फूट. गृहनिर्माण सोसायट्यांच्या दारात दिसणारा उतार बहुधा पाच-सहा फुटांतच संपतो, कारण तो मुळात स्कूटर चढवण्यासाठी केलेला असतो. फरक किती पडतो? माणूस आणि खुर्ची मिळून १०० किलो वजन धरलं, तर १ : १२ च्या उतारावर ते वर ढकलायला सुमारे ८ किलोंचा जोर लागतो. दीड फूट उंचीसाठी पाचच फुटांचा उतार असेल, तर तोच जोर २९ किलोंवर जातो. स्वतःच्या हातांनी चाकं फिरवणाऱ्याला तो चढणं जवळपास अशक्य, शिवाय खुर्ची मागे उलटण्याचा धोका. उतरताना तर आणखी वाईट. ‘आमच्याकडे रॅम्प आहे’ असं अभिमानानं सांगणाऱ्या कितीतरी इमारतींमध्ये प्रत्यक्षात आहे ती घसरगुंडी. वर चकचकीत फरशी आणि पावसाळा असेल, तर विचारायलाच नको.

उतार ओलांडला की दार. साधारण व्हीलचेअरची रुंदी ६५ सेंटिमीटरच्या आसपास असते, चाकं फिरवणाऱ्या हातांची बोटं त्याबाहेर. म्हणून केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये दाराची मोकळी रुंदी ९० सेंटिमीटर सांगितली आहे. जुन्या घरांत बाथरूमचं दार दोन-सव्वादोन फुटांचं, वर चौकट. मग घरातल्या घरात पाटावरून सरपटत जावं लागतं किंवा कुणीतरी उचलून न्यावं लागतं. कमरेखाली संवेदना नसलेल्याला सरपटताना फरशीनं कातडी सोलवटली, तरी कळत नाही. त्यातून सुरू झालेली जखम भरायला महिने लागतात.

या जखमांना बोलीभाषेत ‘पाठीला पडलं’ म्हणतात, डॉक्टरांच्या भाषेत बेडसोर. आपण खुर्चीत बसल्याजागी नकळत सतत चाळवाचाळव करतो, कारण दबलेली जागा दुखते आणि मेंदू हलायला सांगतो. ज्याला दुखणंच कळत नाही, त्याची माकडहाडाजवळची, नितंबांखालची, टाचांची कातडी तासन्‌तास दबून राहते. तिथला रक्तपुरवठा थांबतो आणि आतला मांसल भाग मरू लागतो. वर दिसतो तो केवळ एक लालसर डाग. म्हणून दर पंधरा ते तीस मिनिटांनी हातांवर जोर देऊन किंवा पुढे-बाजूला झुकून भार हलका करायचा, खुर्चीत योग्य गादी वापरायची आणि रोज रात्री आरशात पाहून किंवा घरच्यांकडून कातडी तपासून घ्यायची, हे तिन्ही नियम आयुष्यभराचे.

या बाबतीत शिबिरांतून वाटल्या जाणाऱ्या व्हीलचेअरबद्दल स्पष्ट बोलायला हवं. एका मापाच्या, घडीच्या, जड खुर्च्या एका रांगेत उभ्या करून, हार-तुरे आणि फोटो होऊन त्या दिल्या जातात. घेणाऱ्याची कंबर किती रुंद, पाय किती लांब, तो खुर्ची कुठे चालवणार, हे कुणी मोजत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २००८ मध्येच, कमी साधनं असलेल्या देशांसाठीच्या मार्गदर्शिकेत सांगितलं होतं की मापं घेणं, खुर्ची बसवून पाहणं, चालवायला शिकवणं आणि नंतर पाहणी करणं हे सारं खुर्ची देण्याचाच भाग आहे. रुंद खुर्चीत माणूस एका बाजूला कलतो, त्या बाजूला जखम होते, पाठीचा कणा वाकतो, जड चाकं ओढून खांदे झिजतात. खांदा गेला की दुसऱ्यांदा अपंगत्व येतं, कारण त्या माणसाचे पाय म्हणजे त्याचे खांदेच असतात. चित्र थोडं बदलतं आहे. आयआयटी मद्रासमधल्या संशोधनातून आलेली ‘निओफ्लाय’ ही खुर्ची वापरणाऱ्याच्या मापानुसार बनवून मिळते आणि तिला पुढे जोडायच्या मोटारीच्या चाकाला ‘निओबोल्ट’ म्हणतात. पण कितीही चांगली खुर्ची पायरीपाशी थांबतेच.

तिथं माणसांची मदत लागते आणि आपल्याकडे मदतीला माणसं कमी पडत नाहीत. अडचण वेगळीच आहे. व्हीलचेअर पायरीजवळ दिसली की चार जण धावतात, एक हात धरतो, एक पाय उचलतो, तिसरा खुर्चीच्या हातांना धरून वर ओढतो. खुर्चीचे हात बऱ्याचदा सुटे निघणारे असतात, ते निघून येतात आणि माणूस खाली. काखेत धरून उचलल्यानं आधीच दुखणारा खांदा निखळू शकतो. नळी आणि लघवीची पिशवी ओढली जाते. पाय कुठे आपटला, हे त्या व्यक्तीला कळतही नाही, घरी गेल्यावर सूज दिसते. नियम एकच: आधी विचारायचं, ‘मदत हवी का? कशी करू?’ आणि उत्तर ‘नको’ असेल, तर ते ऐकायचं. आपलं शरीर कसं हलवायचं, याचा अनुभव त्या व्यक्तीइतका दुसऱ्या कुणाला नसतो.

एक-दोन पायऱ्या असतील, तर तंत्र अवघड नाही. चढताना खुर्चीचं तोंड पायरीकडे ठेवायचं, मागच्या दांड्या दाबून पुढची लहान चाकं पायरीवर टेकवायची आणि मग मोठी चाकं वर लोटायची. उतरताना खुर्ची उलटी फिरवायची, म्हणजे मदतनीस आधी खाली उतरतो आणि मोठी चाकं हळूच पायरीवरून खाली घेतो. तीव्र उतारावरही खुर्ची उलटीच न्यायची. तोंड पुढे करून उतरवलं, तर बसलेला माणूस थेट पुढे कोसळू शकतो. रिक्षावाले, वॉचमन, बस कंडक्टर, रुग्णालयातले वॉर्डबॉय यांना हे एकदा करून दाखवायला दहा मिनिटं पुरतात.

असंच अंध व्यक्तीच्या बाबतीत. तिचा हात धरून ओढायचं नसतं, आपला कोपर तिला धरू द्यायचा आणि अर्धं पाऊल पुढे चालायचं. आपल्या शरीराच्या हालचालीवरून पायरी आल्याचं तिला आपोआप समजतं. बहिऱ्या व्यक्तीशी बोलताना चेहरा उजेडात आणि तिच्याकडे असावा. आणि कुठलंही अपंगत्व असो, ‘यांना काय होतंय?’ हा प्रश्न सोबतच्या नातेवाइकाला विचारायचा नसतो. तपासणीच्या खोलीत ही चूक रोज होते.

२०११च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्तींची नोंद झाली; त्यांतल्या सुमारे ५४ लाखांचं अपंगत्व हालचालीशी निगडित होतं. तेव्हा मोजणी जुन्या, मोजक्याच प्रकारांवर झाली होती. २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यानं प्रकारांची संख्या २१ वर नेली. ‘अपंग’ म्हणावं की ‘दिव्यांग’, यावर चर्चा पुष्कळ होते. हाच कायदा इमारतींबद्दल काय सांगतो, यावर फारशी होत नाही. नव्या इमारतीत व्हीलचेअर जाण्याची सोय नसेल, तर बांधकामाला परवानगी देता येत नाही. जुन्या सार्वजनिक इमारतींना नियम लागू झाल्यापासून पाच वर्षांची मुदत होती. नियम २०१७च्या जूनमध्ये आले, म्हणजे मुदत २०२२ मध्येच संपली. या नियमांतली एक पळवाट सर्वोच्च न्यायालयानं ८ नोव्हेंबर २०२४ रोजी बंद केली. नियमातल्या मार्गदर्शक सूचना ऐच्छिक ठेवणं हे मूळ कायद्याशी विसंगत आहे, असं सांगून न्यायालयानं केंद्राला सक्तीची मानकं ठरवायला सांगितलं.

महाराष्ट्रानं ३ डिसेंबर २०२२ रोजी दिव्यांगांसाठी स्वतंत्र विभाग सुरू केला. राज्यात एसटीच्या तिकिटात अपंग प्रवाशांना ७५ टक्के सवलत मिळते. सवलत मोठी आहे, पण ती वापरायची तर आधी एसटीच्या दाराच्या उंच, अरुंद पायऱ्या चढाव्या लागतात. पुण्या-मुंबईत लो-फ्लोअर बस आल्या, तरी बस थांब्याला लागून उभी राहिली नाही, तर तिचा खाली आणलेला मजला रस्त्यापासून पुन्हा एक पायरी वर.

हे सारं नसल्याची किंमत शेवटी घरातलं कुणीतरी भरतं आणि ती बहुधा आई किंवा बायको असते. उंबरठा ओलांडून न्यायला, मोरीत बसवायला, रात्री दोन वाजता कुशीवर वळवायला तीच असते. पन्नाशी-साठीत तिची कंबर जाते. नवऱ्याला एकट्यानं बाथरूमला जाता येईल असं दार असतं, तर ती दिवसाकाठी पाच-सहा वेळा त्याला उचलण्यातून सुटली असती, कदाचित कामालाही जाऊ शकली असती.

ग्रामपंचायतींनी आपल्या स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के अपंगांसाठी खर्च करायचे असतात. अनेक गावांत ही रक्कम थोड्या थोड्या पैशांत वाटून संपते. ती एक-दोन घरांच्या मोरीचं दार रुंद करायला, उंबरठा काढायला, ग्रामपंचायतीच्या आवारात एक नीट स्वच्छतागृह बांधायला वापरता येईल का, हा प्रश्न ग्रामसभेत विचारायला कुणाची आडकाठी नाही.

नीट म्हणजे कसं, याचीही मापं ठरलेली आहेत. खोली साधारण २ मीटर बाय २.२ मीटर, म्हणजे खुर्ची आत वळते. कमोडची उंची खुर्चीच्या बैठकीइतकी, म्हणजे एकावरून दुसऱ्यावर सरकता येतं. बाजूला भिंतीत घट्ट बसवलेले दांडे, शंभर किलोंचा भार पेलणारे. टॉवेल अडकवायचा स्टीलचा दांडा नव्हे. बेसिनखाली मोकळी जागा, गुडघे जातील अशी. दार बाहेरच्या बाजूला उघडणारं, कारण आत कुणी पडलं तर आत उघडणारं दार त्याच्याच अंगानं अडून बसतं. आणि त्या खोलीत झाडू, बादल्या, फिनेलचे कॅन आणि मोडक्या खुर्च्या ठेवायच्या नाहीत. तिला कुलूप लावून किल्ली रजेवर गेलेल्या शिपायाकडेही ठेवायची नाही.